मरे-डार्लिंगचा पाणीबाजार

व्याख्या
नदीतून ठरावीक पाणी उचलण्याचा हक्क विकता, विकत घेता किंवा भाड्याने देता येतो, त्या व्यवस्थेला पाणीबाजार म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील मरे-डार्लिंग खोरे हे त्याचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण. सुमारे दहा लाख चौरस किलोमीटरचे, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठे हे खोरे चार राज्यांत आणि राजधानी क्षेत्रात विभागलेले आहे.

आधी मर्यादा
पूर्वी पाणी-परवाना जमिनीला जोडलेला असे. सरकारकडून नवा परवाना मिळत होता, तोवर दुसऱ्याचा विकत घेण्याचे कारण नव्हते. १९९४ मध्ये केंद्र आणि राज्यांनी जमीन व पाणी यांचे हक्क वेगळे करण्याचे मान्य केले. १९९५ मध्ये उपशावर तात्पुरती मर्यादा आली. १९९७ मध्ये ती कायम झाली. यापुढे एकाचे वाढीव पाणी दुसऱ्याकडूनच येणार होते. एक परिणाम मात्र उलटा झाला. नुसते कागदावर पडून असलेले परवाने, किंमत येताच विकले जाऊन वापरात आले आणि नियमित वापरणाऱ्यांच्या वाट्याची शाश्वती घटली.

हक्क आणि वाटप
हक्क हा उपलब्ध पाण्यातील कायमचा हिस्सा. वाटप हे त्या हिश्श्यावर त्या वर्षी प्रत्यक्ष मिळणारे पाणी. १०० मेगालिटरचा हक्क असलेल्या शेतकऱ्याला ३० टक्के वाटप जाहीर झाले, तर त्याच्या खात्यावर ३० मेगालिटर, म्हणजे तीन कोटी लिटर जमा होतात. हक्क हाती ठेवून केवळ वर्षाचे वाटप विकता येते. अधिक खात्रीच्या हक्कांना आधी पाणी मिळते, म्हणून ते महाग असतात.

दुष्काळातील हस्तांतर
२००७-०८ च्या तीव्र दुष्काळात वाटपाचा भाव मेगालिटरमागे हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास गेला. भात हंगामी पीक असल्याने एक वर्ष पेरला नाही तरी चालते. द्राक्षवेल किंवा बदामाचे झाड वाळले, तर अनेक वर्षांची गुंतवणूक जाते. साहजिकच अनेक भातउत्पादकांनी पाणी विकले आणि फळबागा तगल्या. २०००-०१ मध्ये सोळा लाख टनांवर असलेले भाताचे उत्पादन वीस हजार टनांच्या खाली आले. विकणाऱ्याला मोबदला मिळाला. डेनिलिक्विन येथील भातगिरणी मात्र या काळात काही वर्षे बंद राहिली, आणि तिच्या कामगारांकडे विकायला पाणीहक्क नव्हता.

दूरचा परिणाम अधिक गंभीर वाटतो. बदामाचे क्षेत्र नंतर वाढत गेले. बारमाही पिकांना दरवर्षी पाणी लागतेच. गरजेच्या वर्षी थांबू शकणारी शेती जितकी आक्रसेल, तितका पुढच्या टंचाईत भाव अधिक ताणला जाईल.

पात्राची मर्यादा
व्यवहार खात्यावर क्षणात होतो; पाण्याला मात्र नदीतूनच जावे लागते. बारमाह येथे मरे नदीचे पात्र इतके अरुंद आहे, की तेथून दिवसाला सुमारे सात हजार मेगालिटरच सोडता येते. त्याहून अधिक सोडल्यास पाणी काठावरील जंगलात पसरते. त्यामुळे या टप्प्यापलीकडे विक्रीवर बंधने आहेत. गोलबर्न या उपनदीतून खाली विकलेले पाणी ऐन उन्हाळ्यात मोठ्या प्रमाणात सोडल्याने तिचे काठ खचले.

नदी आणि दलाल
नदीसाठी पाणी राखण्याकरिता २००७ च्या कायद्याने स्वतंत्र पर्यावरणीय जलधारकाची तरतूद केली. सरकारने बाजारातूनच हक्क विकत घेतले. बाजारात व्यवहार जुळवून देणाऱ्या दलालांवर मात्र पुरेसा अंकुश नसल्याचे ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा आयोगाने २०२१ च्या अहवालात नोंदवले.

महाराष्ट्रातील स्थिती
महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने २००५ मध्ये पाणीहक्काच्या हस्तांतराला तत्त्वतः वाट दिली. पण त्यासाठी पाणी घनफळाने मोजले जावे लागते, आणि अनेक लाभक्षेत्रांत आकारणी अजून पीक व क्षेत्र पाहून होते. जमीन आणि पाणी वेगळे करण्याचा विचार मात्र येथे त्याआधीचा. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात सुरू केलेल्या पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, तर कुटुंबातील माणसांवर ठरे. उसाला त्यात पाणी नव्हते. जमीन विकली, तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क जात नसे. तो सामूहिक योजनेकडे परत येई.