विमानतळ कशावर जगतो?

साकोली तालुक्यातल्या एकोडीहून विमान गाठायचं तर दोन वाटा आहेत. राष्ट्रीय महामार्ग 53 धरून भंडाऱ्यावरून नागपूर, म्हणजे सोनेगावचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, शंभरेक किलोमीटरवर. दुसरी वाट गोंदियाजवळच्या बिरसीची, बरीच जवळची. तरी मुंबई-पुण्याला निघालेल्या माणसाची गाडी नागपूरकडेच वळते.

बिरसीची धावपट्टी काही लहान नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी इथे विमानतळ उभारला, पुढे भारतीय विमानतळ प्राधिकरणाने तो नव्याने बांधला. सुमारे 2300 मीटरची धावपट्टी आहे, तिच्यावर एअरबस 320 उतरू शकतं. वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था तिथे आहे. मार्च 2022 मध्ये फ्लायबिग कंपनीने लहान गावांना विमानाने जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेतून इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा सुरू केली, ती काही महिन्यांतच थांबली. डिसेंबर 2023 मध्ये इंडिगोने हैदराबादचं विमान सुरू केलं. धावपट्टी आहे, इमारत आहे, मग विमानं का टिकत नाहीत, याचं उत्तर विमानतळाच्या हिशेबाच्या वहीत आहे.

त्या वहीतली पहिली गोष्ट म्हणजे खर्च विमानांच्या संख्येवर फारसा ठरत नाही. आपल्याकडच्या राइस मिलसारखंच ते आहे. धानाचं एक पोतं आलं काय नि शंभर आली काय, मोटार, वीजजोडणी आणि मिस्त्री लागतातच. दिवसाला एक विमान येणार असलं तरी अग्निशमन दलाच्या गाड्या सज्ज लागतात. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे त्यांना धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोचता आलं पाहिजे. नियंत्रण मनोऱ्यात माणूस लागतो. धावपट्टीचे दिवे, हवामानाची उपकरणं, सामान तपासणारी क्ष-किरण यंत्रं, कुंपणाची गस्त, पक्षी आणि कुत्री हाकलणारी माणसं, हे सगळं एका विमानासाठीही तेवढंच लागतं. नागपुरात हा बोजा वर्षाला 25 लाखांहून अधिक प्रवाशांवर विभागला जातो. बिरसीत तो वाटून घ्यायला माणसंच नाहीत.

आता कमाईकडे वळू. आपल्याला वाटतं, विमान उतरलं की विमानतळाला पैसे मिळतात. मिळतात, पण आपण समजतो तितके नाहीत. उतरण्याचं शुल्क विमानाच्या वजनावर असतं. ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत नियमित सेवेच्या विमानांना हे शुल्क माफ आहे. इंडिगोच्या एटीआर विमानात 78 आसनं असतात, म्हणजे लहान गावांना जोडणारं हे विमान उतरण्यासाठी दमडीही देत नाही. विमान उभं करण्याचे पहिले दोन तास फुकट असतात.

तिकिटावर मग कोणकोणते आकार असतात? देशांतर्गत प्रवाशामागे 200 रुपये सुरक्षा शुल्क असतं, ते विमानतळाला मिळत नाही, सुरक्षेसाठीच्या वेगळ्या निधीत जातं. साध्या वर्गाच्या भाड्यावरचा पाच टक्के जीएसटी सरकारकडे जातो. विमानतळाच्या पदरात पडतं ते प्रामुख्याने वापरकर्ता विकास शुल्क, म्हणजे यूडीएफ. गंमत अशी की एकोडीच्या शिवारावरून उंच आभाळात जी विमानं दिवसरात्र जातात, तीही पैसे देतात. देशाच्या मधोमध असल्यामुळे नागपूरच्या आभाळात पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण मार्ग एकमेकांना छेदतात. या विमानांना आभाळात मार्ग दाखवण्याचं शुल्क जातं थेट भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे, नागपूर विमानतळाच्या तिजोरीत नव्हे. 1949 पासून जवळपास पाव शतक मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची टपाल विमानं मध्यरात्री नागपुरात एकत्र यायची आणि टपालाची अदलाबदल करून परतायची. हे स्थानमाहात्म्य आजही कायम आहे, फक्त विमानं खाली उतरत नाहीत.

खरी कमाई होते ती प्रवासी जमिनीवर थांबतो तेव्हा. दुकानांची भाडी, खाण्याचे स्टॉल, वाहनतळ, जाहिरातीचे फलक, टॅक्सींचे परवाने, आणि सगळ्यात मोठी म्हणजे जमीन. म्हणून सुरक्षा तपासणी संपली की वाट दुकानांमधूनच काढलेली असते. तपासणी जितकी लवकर उरकेल, तितका वेळ दुकानांना जास्त मिळतो.

या दुकानांच्या कमाईचा प्रवाशाला काही उपयोग होतो का? होतो, थोडासा. मोठ्या विमानतळांची शुल्कं विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवतं. 2008 च्या कायद्याने ही संस्था जन्माला आली. ती विमानतळात गुंतलेलं भांडवल, त्यावरचा वाजवी परतावा, चालवण्याचा खर्च, घसारा आणि कर मोजते, आणि इतर उत्पन्नातला केवळ तीस टक्के भाग त्यातून वजा करते. समजा विमानतळाला शंभर रुपये लागतात आणि दुकाने-जमिनीतून साठ मिळतात. तर साठातले अठराच वजा होतात, उरलेले ब्याऐंशी विमान कंपन्या आणि प्रवासी भरतात. बाकीचे बेचाळीस विमानतळ चालवणाऱ्या, म्हणजे चालक कंपनीचे. सगळे साठ वजा केले तर प्रवासी चाळीसच भरेल. 2016 च्या नागरी विमान वाहतूक धोरणाने देशभर तीस टक्क्यांचीच पद्धत ठरवली. गुंतवणूकदार यावेत म्हणून हा मार्ग निवडला, पण त्याची किंमत तिकीट काढणारा मोजतो, आणि ही गोष्ट त्याला कोणी नीट सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मग चालक कंपनीकडून सरकारला काय मिळतं? मुंबई विमानतळ 2006 मध्ये खासगी भागीदारीत गेला, तेव्हा एकूण उत्पन्नातले 38.7 टक्के भारतीय विमानतळ प्राधिकरणाला द्यायचं ठरलं. दिल्लीत ते 45.99 टक्के होतं. हा वाटा खर्च म्हणून दाखवून शुल्कात चढवता येत नाही. एवढा मोठा हिस्सा देऊन उरलेल्यात चालवायचं म्हटल्यावर कंपनीचा डोळा दुकानांवर आणि जमिनीवर राहणारच. पण या पैशाचा दुसरा प्रवास बिरसीपर्यंत येतो. प्राधिकरणाचे बहुतेक छोटे विमानतळ तोट्यात चालतात, त्यांना मोठ्या विमानतळांच्या उत्पन्नाचा आधार असतो. ‘उडान’मधलं अनुदानही मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांकडून लेव्ही घेऊन उभं राहतं आणि त्यात राज्याचा वाटा वीस टक्के असतो. बिरसीचे दिवे असे दुसऱ्यांच्या पैशावर जळतात, आणि माझ्या मते ते जळायला हवेत. विदर्भाच्या पूर्व टोकाला हवाई पट्टी असणं ही पूर, अपघात, आजारपण अशा वेळी कामी येणारी सोय आहे. फक्त ती रोज नफा कमावील अशी आशा धरू नये.

नागपूरचा कारभार मिहान इंडिया लिमिटेडकडे. तिच्यात राज्याच्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीचे 51 आणि प्राधिकरणाचे 49 टक्के. विस्तारासाठी खासगी चालक निवडताना जीएमआर कंपनीची बोली आधी उत्पन्नातल्या 5.76 टक्के वाट्याची होती, वाटाघाटीनंतर ती 14.49 टक्के झाली. मार्च 2019 मध्ये पसंतीपत्र दिलं गेलं, मार्च 2020 मध्ये निविदाच रद्द झाली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑगस्ट 2021 मध्ये निविदा रद्द करण्याचा तो आदेशच रद्द ठरवला, मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं, आणि पुढच्या याचिकांचा निकाल लागायला सप्टेंबर 2024 उजाडला. 9 ऑक्टोबर 2024 रोजी सुमारे 7 हजार कोटींच्या विस्ताराचं भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते झालं.

वर्तमानपत्रांतून चर्चा झाली ती टक्क्यांची. 5.76 टक्के हा आकडा मुंबईच्या 38.7 शेजारी फारच किरकोळ दिसतो. पण मुंबईत तयार गर्दी होती, नागपुरात विस्ताराचा मोठा खर्च आधी करायचा आहे, त्यामुळे हे आकडे थेट एकमेकांपुढे ठेवता येत नाहीत. मला त्याहून बोचतात ती मधली वर्षं. पत्र दिल्यापासून भूमिपूजनापर्यंत साडेपाच वर्षं गेली, आणि तेवढा काळ वाढती गर्दी जुन्याच इमारतीत कोंबावी लागली.

विस्तारानंतर नागपूरची शुल्कं नव्याने ठरतील. मोठ्या विमानतळांबाबत नियामक असा प्रस्ताव जाहीर करून लोकांची मतं मागवतो, तेव्हा विमान कंपन्या आणि चालक कंपन्या शेकडो पानांची उत्तरं देतात. भंडारा-गोंदियाच्या लोकप्रतिनिधींनीही तिथे आपलं म्हणणं मांडावं. यूडीएफ किती, दुकानांच्या कमाईतला वाटा किती, हे त्यांनी विचारावं. आणि एक मागणी विमानतळाच्या फाटकाबाहेरची आहे: पहाटेच्या आणि रात्री उशिराच्या विमानांना जुळेल अशी साकोली-भंडारा-विमानतळ एसटी बस. एकोडीच्या माणसाचा बराच प्रवासखर्च अजून रस्त्यावरच्या भाड्याच्या गाडीला जातो.