हळद आणि पित्ताची पिशवी

फोडणीत पडणारी हळद नुसत्या रंगासाठी नसते, पचनासाठीही असते, असं घरोघरी सांगतात. त्यात तथ्य किती?

१९९९ साली इंडोनेशियातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना २० मिलिग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, देऊन सोनोग्राफी केली. पित्ताशय आकसलेलं दिसलं. पित्त आतड्यात उतरलं की तेलतूप पचायला सोपं जातं. माणसं मात्र जेमतेम बारा होती!

थायलंडमधली चाचणी अधिक भक्कम. अपचनाच्या २०६ रुग्णांपैकी काहींना कर्क्युमिन, काहींना ओमेप्राझोल हे आम्ल कमी करणारं औषध, काहींना दोन्ही. २०२३ साली आलेला निष्कर्ष: तिन्ही गटांना जवळपास सारखाच आराम. पण नुसती खोटी गोळी घेणारा गटच नव्हता, त्यामुळे मनाच्या समजुतीचा वाटा किती, हे कळत नाही. शिवाय मात्रा रोज २ ग्रॅम कर्क्युमिनची. हळदीत ते साधारण ३ टक्के धरलं, तर रोज पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल. आमटीचं काय होईल, ते तुम्हीच ठरवा.

पित्ताशयात खडे असतील तर हेच आकसणं अंगाशी येतं: खडा सरकून नळीत अडकू शकतो. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हळदीच्या कॅप्सूल घेऊ नयेत. भाजीतल्या चिमटीला कुणाची हरकत नाही.