चाचणी लिहावी मराठीत, यंत्र कोणतेही असो

दिवाळीत पुण्याहून भाचा फ्रीगंजला आमच्याकडे आला होता. तो सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करतो. "मामा, आमच्या कंपनीने चाचणीचे टूल बदलले, आता शेकडो चाचण्या पुन्हा लिहायच्या," असे तो वैतागून म्हणाला. मला आमची शाखा आठवली. संगणक आले तेव्हा आम्ही तपासणीची वही केली होती. तिच्यात "तिसरा मेनू उघडा, अमुक की दाबा, हिरवा संदेश येतो का पाहा" अशा नोंदी होत्या. पुढे सॉफ्टवेअर बदलले, पडदा बदलला आणि वही रद्दीत गेली. व्याज बरोबर लागते की नाही, हे त्या वहीत कुठेच लिहिलेले नव्हते!

१ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावरचे व्याज रोजच्या शिलकेवर मोजू लागले, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरीत. दर तेव्हा ३.५ टक्के होता. या बदलाची चाचणी अशी लिहिता येते:

जर खात्यात १ एप्रिलपासून १०,००० रुपये शिल्लक असेल,
जेव्हा २१ तारखेला ९,००० रुपये काढले जातात,
तेव्हा एप्रिलचे व्याज २० रुपये १४ पैसे निघावे.

हिशेब करून पाहा. १०,००० रुपये २० दिवस आणि १,००० रुपये १० दिवस, म्हणजे गुणाकारांची बेरीज २,१०,०००. तिला ३.५ ने गुणून ३६,५०० ने भागायचे. जुन्या नियमाने १,००० रुपयांवर फक्त २ रुपये ९२ पैसे मिळाले असते. सॉफ्टवेअरने २.९२ दाखवले, तर नवा नियम त्यात बसवलेलाच नाही हे कारकुनालाही कळेल. पेन्शनवर घर चालवणाऱ्याला हा फरक दर महिन्याला लागतो.

या तीन ओळींत ना बटण आहे, ना टूलचे नाव. हाताने तपासा, नाही तर यंत्राकडून.

भाच्याने सांगितले की अशा लेखनासाठी घर्किन नावाची एक पद्धत आहे. (घर्किन म्हणजे लोणच्याची छोटी काकडी. ती वाचणाऱ्या एका टूलचे नाव कुकंबर, म्हणजे मोठी काकडी!) तिच्यात मराठीही चालते. पहिल्या ओळीत भाषा मराठी असल्याचे नोंदवले, की 'जर', 'जेव्हा', 'तेव्हा' हे शब्द टूलला समजतात. बिहेवसारखी दुसरी टूलेही अशीच वाक्ये वाचतात. मात्र प्रत्येक वाक्याचा प्रत्यक्ष यंत्राशी सांधा जुळवणारा प्रोग्रॅम लिहावाच लागतो. टूल बदलले की तो सांधा बदलतो, वाक्य तसेच राहते.

पण नुसती पद्धत घेऊन भागत नाही. तिच्यातही कोणी "जेव्हा निळे बटण दाबतो" असे लिहिले, तर आमच्या वहीचीच गत. भाच्याने त्याच रात्री लॅपटॉप उघडून आपल्या चाचण्या चाळल्या. निम्म्याहून जास्त 'निळ्या बटणाच्या' निघाल्या.