आधी ऐकावे, मग विकावे

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची पुण्याला आमच्याकडे राहायला आली. तिच्या व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात दोन महिने एखाद्या कंपनीत उमेदवारी करावी लागते; तिला हल्ली ‘इंटर्नशिप’ म्हणतात. हिच्या वाट्याला बिस्किटांची विक्री आली. ठरलेल्या ‘बीट’वरची ३०-४० वाण्याची दुकाने रोज पालथी घालायची!

आठवडा भरला नि पोरीने पिशवी कोपऱ्यात भिरकावली. “मामा, मी परत जाते. एवढं शिकून दारोदार ‘नको’ ऐकायचं?”

खरे सांगायचे तर मलाही ते पटले. विक्रेता म्हणजे गोड बोलून नको ते गळ्यात मारणारा, अशीच या मराठीच्या मास्तराची समजूत. तरी म्हटले, “उद्या मी येतो बरोबर. मग ठरव.”

दुसऱ्या दिवशी वितरकाचा जुना विक्रेता सोबत होता. तो दुकानात शिरला की आधी फळी पाही. जुने पुडे पुढे, नवे मागे लावी, तारखा तपासी, उरलेला माल मोजी. मागणीची गोष्ट शेवटी. म्हणाला, “माल न बघता ऑर्डर मागणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.”

शनिवार पेठेतल्या एका वाण्याने आम्हांला पाहताच हात जोडले. “ताई, तुमच्या कंपनीचं नाव काढू नका.” भाचीने पाठ केलेले भाषण गिळले आणि विचारले, “काका, झालं काय?”

मुदत संपलेला खोकाभर माल कंपनीने परत नेला होता, पैसे मात्र तीन महिने वळते केले नव्हते. तिने सारे लिहून घेतले. त्या दिवशी ऑर्डर मिळाली नाही. पण कचेरीचा पिच्छा पुरवून पंधरवड्याने क्रेडिट नोट तिने स्वतः नेऊन दिली. वाण्याने दोन खोकी मागवली. घरी आली ती जणू गड जिंकून!

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगरही सुरुवातीला खपत नव्हते. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची धास्ती होती. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. नुसता माल चांगला असून भागत नाही. गिऱ्हाइकाची धास्तीही ओळखावी लागते.

जूनमध्ये कॉलेज उघडले. पहिल्या तासाला मायमराठीवर भाषण ठोकण्याचा माझा शिरस्ता. यंदा आधी विचारले, “मराठी कुणाकुणाला नको आहे, आणि का?”

बरेच हात वर झाले. मी वही उघडली आणि एकेकाचे लिहून घेऊ लागलो.