सैनिकाचा कान आणि विणकराचा कान

गेल्या हिवाळ्यात महालातील आमच्या दुकानात एकाच दिवशी दोन जुनी गिऱ्हाइके आली. एक कामठीचे, तोफखान्यातून निवृत्त झालेले हवालदार. दुसरे मोमिनपुऱ्याचे चाचा, चाळीस वर्षे यंत्रमागावर काढलेले. दोघांनाही भाव तीन-तीनदा ओरडून सांगावा लागला. हवालदारसाहेब हसत म्हणाले, "कान तोफेने नेला, पण कागदावर नोंद आहे. त्याची पेन्शन मिळते." चाचांना आम्ही विचारले, "तुमचा कागद?" ते म्हणाले, "सेठ, कागद कसला? मागावर उभा राहिला तो बहिरा होणारच."

चाळीस वर्षे कापडाचा व्यापार करूनही हा प्रश्न आम्हाला कधी सुचला नव्हता. म्हणून थोडी चौकशी केली. ती वाचकांपुढे ठेवत आहोत.

यंत्रमागाच्या शेडमध्ये जो कडकडाट असतो तो मुख्यतः धोट्याचा. पिकर त्याला जोराने फटका मारतो, धोटा पलीकडच्या पेटीवर आदळतो, आणि हे मिनिटाला शंभराहून अधिक वेळा होते. जुन्या शटल मागांच्या शेडमध्ये हा आवाज बहुधा ९५ ते १०० डेसिबलच्या घरात जातो. असा आवाज रोज ऐकला की कानाच्या आतील बारीक पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर जातात. माणसाला आवाज येतो, पण शब्द कळत नाही. नातवंडांचे बोलणे आधी हरवते. हे इतके हळूहळू घडते की घरच्यांना वाटते, बुढे मियाँ लक्षच देत नाहीत.

आता नियम पाहू. फौज आणि कारखाना यांतील फरक अमेरिकेच्या उदाहरणावरून चांगला समजतो. तेथे कारखान्यांसाठी आठ तासांची मर्यादा ९० डेसिबल आहे आणि दर ५ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ९५ ला चार तास, १०० ला दोन तास. अमेरिकन सैन्याची मर्यादा मात्र ८५ डेसिबल, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, कारण ३ डेसिबलने आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये सैनिकाचा उघडा कान फक्त पंधरा मिनिटे ठेवता येतो. आवाज तोच, कानही अल्लाहने दिलेला तसाच, पण एका नियमात दोन तास आणि दुसऱ्यात पाव तास!

आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याखाली जे नमुना नियम झाले, त्यांतील कोष्टकही ९० डेसिबलला आठ तास आणि १०० ला दोन तास असेच होते. कामावर घेताना कानाची तपासणी आणि पुढे दर वर्षी फेरतपासणी, हेही त्यांत लिहिलेले होते. आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्याच्या रोगांच्या यादीत होता. पण वीज वापरणाऱ्या जागी दहा कामगार असतील तरच तो कारखाना. मोमिनपुरा असो, मालेगाव असो की भिवंडी, चार-सहा कामगारांच्या शेडला हे लागू कसे होणार? कित्येक ठिकाणी तर एकाच छपराखालचे माग भावाभावांच्या नावांवर असतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता लागू झाली. तिच्या यादीतही हा बहिरेपणा आहे आणि मोफत वार्षिक तपासणीची तरतूद आहे. परंतु कारखान्याच्या व्याख्येतील दहाचा आकडा वीस झाला. दार आणखी अरुंद झाले.

बरे, जेथे आठ तासांचा हिशेब धरलेला आहे तेथे आमचा विणकर बारा तासांची पाळी करतो. मजुरी मीटरवर असल्याने तो स्वतःही माग सोडत नाही.

आपल्या फौजेतही सर्व आलबेल आहे असे नाही. लढाईत कानात बोळे घालून चालत नाही. पण तेथे भरतीच्या दिवशीच कान तपासतात. अधिकारी होऊ पाहणाऱ्या तरुणाला ६१० सेंटिमीटरवरून प्रत्येक कानाने कुजबुज ऐकू यावी लागते. पुढे वैद्यकीय श्रेणी ठरवताना जी 'शेप' पद्धत आहे, तिच्यात कानाचे एक वेगळे अक्षरच आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात सांगितले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत जडला असे धरावे. तो आजार कानाचा नव्हता, पण मुद्दा आमच्या कामाचा आहे. पहिल्या दिवसाचा कागद असेल तरच नुकसान कुठे झाले हे सांगता येते.

फौज इतकी काळजी का घेते? बहिऱ्या सैनिकाला हुकूम ऐकू येत नाही, त्याने सगळी तुकडी धोक्यात येते. बहिऱ्या विणकराचा मात्र एक मीटरही कमी निघत नाही. त्याचे डोळे आणि हात चालले की आमचा माल वेळेवर येतो. बहिरा सैनिक फौजेला परवडत नाही, बहिरा विणकर बाजाराला परवडतो. बाजार म्हणजे कोण? त्यात आम्हीही आलो.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी देण्याची शिकवण आपण मुलांना देतो. पण मजुरी दिली आणि कान घेतला, तर हिशेब पूर्ण झाला असे म्हणता येईल का?

कायदा शेडपर्यंत येईल तेव्हा येईल. तोवर करण्यासारख्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. नव्या पोराला मागावर उभे करण्यापूर्वी त्याच्या कानाची ऑडिओमेट्री करून घ्यावी. मोमिनपुऱ्याहून मेयो रुग्णालय जवळच आहे, तेथे कान-नाक-घसा विभाग आहे. तो कागद घरी रेशनकार्डासोबत ठेवावा आणि वर्षातून एकदा तपासणी पुन्हा करावी. कापसाचा बोळा पुरेसा नाही. फोमचे इअरप्लग स्वस्त मिळतात, मात्र ते दाबून, बारीक करून कानात खोलवर बसवावे लागतात. झिजलेले पिकर आणि सैल झालेले भाग वेळीच बदलले तर आवाजही थोडा उतरतो आणि मागही टिकतो.

आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे. ज्या शेडला सूत देतो, तेथे सुताच्या गाठोड्याबरोबर इअरप्लगची पाकिटेही जातील आणि पहिल्या तपासणीचा खर्च आमच्या खात्यात पडेल. मीटरमागे बघितले तर तो पैशांतच भरतो. महाल, गांधीबाग आणि इतवारीच्या व्यापारी बांधवांनीही आपापल्या वहीत हा हिशेब एकदा मांडून पाहावा. चाचांचा कान परत येणार नाही. त्यांचा नातू मात्र याच वर्षी मागावर उभा राहिला आहे, आणि त्याला आजोबांपेक्षा चांगले ऐकू येते.