जळणारी तंबाखू व तापणारी तंबाखू

परदेशीं नोकरीस असलेले आप्त सुटींत घरीं येतात, तेव्हां अलीकडे कोणाकोणाच्या खिशांत सिगारेटच्या पाकिटाऐवजीं लेखणीएवढी एक नळी आढळते. "हिच्यांत धूर नाहीं, म्हणून अपायहि नाहीं," असें ते मुलांदेखत सांगतात. या विधानाचा पूर्वार्ध बहुतांशीं खरा आहे. उत्तरार्धाचा मात्र विचार केला पाहिजे.

सिगारेट ओढतांना तिच्या जळत्या टोंकाची उष्णता सुमारें ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत चढते. त्या आगींत हजारों रासायनिक द्रव्यें उत्पन्न होतात. त्यांपैकीं सुमारें सत्तर कर्करोगकारक आहेत. कार्बन मोनॉक्साइड वायु रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावितो, तो निराळाच. नव्या यंत्रांत तंबाखूची लहानशी कांडी विजेनें सुमारें ३५० अंशांपर्यंत तापविली जाते. ती पेट घेत नाहीं. फिलिप मॉरिस कंपनीनें असें एक यंत्र 'आयकॉस' या नांवानें २०१४ सालीं जपानांतील नागोया व इटलींतील मिलान या शहरीं प्रथम विकावयास आणलें. ज्वलन टळल्यामुळें कार्बन मोनॉक्साइड पुष्कळच घटतो व इतर अनेक विषारी द्रव्येंहि कमी होतात, हें नाकारण्याचें कारण नाहीं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २०२० सालीं कंपनीस एवढेंच सांगण्याची अनुज्ञा दिली. रोगाचा धोका कमी होतो असें म्हणण्याची मात्र दिली नाहीं.

हा भेद म्हणजे शब्दच्छल नव्हे. विष निम्में झालें कीं रोगहि निम्मा, हें त्रैराशिक शरीरास लागू पडत नाहीं. २०१८ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणें, रोज वीस सिगारेटी ओढणाऱ्यास हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याचा जवळजवळ निम्मा धोका रोज एकच ओढणाऱ्यासहि असतो. विसावा हिस्सा नव्हे. शिवाय फुप्फुसाचा कर्करोग कित्येक दशकांनीं प्रकट होतो. डॉल व हिल यांनीं त्याचा सिगारेटीशीं असलेला संबंध १९५० सालीं दाखविला, तेव्हां सिगारेट घरोघर पोंचून बराच काळ लोटला होता. २०१४ सालच्या यंत्राचा पुरता हिशेब आजच कोण मांडणार?

निकोटीन तर दोहोंतहि आहे, आणि सवय जडते ती त्याच्यामुळेंच. तें नाडीचे ठोके व रक्तदाब वाढवितें. मुलांच्या वाढत्या मेंदूस, विशेषतः अवधान व अध्ययन यांस, तें बाधक ठरतें. रोज वीस सिगारेटी ओढणारा गृहस्थ त्या सर्वस्वीं टाकून नळीकडे वळला, तर कांहीं विषें त्याच्या पोटांत कमी जातील खरीं. परंतु बरेच जण दोन्ही चालू ठेवतात. विद्यार्थ्यानें तर सिगारेटीशीं तुलना करूंच नये. त्याची तुलना आहे ती स्वच्छ हवेशीं.

भारतांत २०१९ सालच्या कायद्यानें अशा यंत्रांचें उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात यांस बंदी आहे. विडी-सिगारेट मात्र उघड विकली जाते, ही विसंगति चाणाक्ष विद्यार्थी दाखवितात, आणि त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. ज्या पालकांस तंबाखू सोडावयाची आहे, त्यांजसाठीं १८००-११-२३५६ हा सरकारी निःशुल्क दूरध्वनि आहे.