थेंब जिवंत, सुई मृत

पोलिओच्या दोन लसी. जोनास साल्क यांची, १९५५मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली इंजेक्शनची लस फॉर्मालिनने मारलेल्या विषाणूंची. आल्बर्ट सेबिन यांचे थेंब मात्र जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूंचे. हा विषाणू आतड्यात वाढतो, तिथेच प्रतिकारशक्ती तयार करतो आणि विष्ठेवाटे बाहेर पडून शेजारपाजारच्या पोरांनाही आयतं संरक्षण देऊ शकतो. शिवाय स्वस्त. पल्स पोलिओची मोहीम उभी राहिली ती याच थेंबांवर.

तोटाही इथेच आहे. लसीकरण अपुरं असेल तिथे हाच विषाणू फिरता फिरता, क्वचित का होईना, पुन्हा ताकद कमावतो आणि लुळेपणा आणतो. मृत लसीत ती भीती नाही. पण ती आतड्यातला संसर्ग फारसा अडवत नाही. त्यामुळे ‘चांगली कोणती?’ हा वाद फिजूल. भारतात बाळांना दोन्ही मिळतात.

साठवणीतही दोघींची तऱ्हा उलटी. थेंब गोठवलेले चालतात, पण त्यांना उष्णता सोसत नाही. इंजेक्शनची लस गोठली की वाया. थेंबांच्या कुपीवर जांभळं वर्तुळ आणि आत फिकट चौकोन असतो. उष्णतेने चौकोन वर्तुळाइतका गडद झाला, की ती कुपी बाद.